गफ्फारभाईचा हर्निया

हिवरखेडच्या आसपासच्या खेड्यांतल्या बायकांची मनगटं हमिदाबीला तोंडपाठ होती. चेहरे ती विसरायची. ओसरीवर टोपलं उतरवून समोरच्या बाईचा हात हातात घेतला, की मग ओळख पटायची.

"तू अडगावच्या पाटलाची मधली ना वो? मागच्या खेपेले अडीचचं माप होतं तुह्यं. आता सव्वादोनची जाऊन राहिली. जेवण सोडलं, का सासूनं सोडवलं?"

बायका खदखदून हसायच्या. हसताना हात सैल सुटतो. तेवढ्या वेळात हमिदाबी डझनभर बांगड्या मनगटात उतरवून मोकळी व्हायची. बांगडी भरणं म्हणजे बाईला हसवणं, असं तिचं शास्त्र होतं. रडणाऱ्या बाईचा हात ताठ होतो आणि काच फुटते.

तिचा नवरा अब्दुल गफ्फार आठवडी बाजारात बांगड्यांचं दुकान मांडून बसायचा. भरघोस मिशा, गळा असा की तेल्हाऱ्याच्या बाजारात ओरडला तर अकोटातली बाई बांगडी चाचपून बघेल. घरात दोघं उर्दू बोलत. पण उर्दूत 'आप' आणि 'जी' लावून लावून भांडणाची धारच बोथट होते, म्हणून भांडायचं झालं की दोघं वऱ्हाडीवर यायचे. शेजाऱ्यांना त्यामुळे सोय होती. भिंतीपलीकडून वऱ्हाडी ऐकू आलं की हातातलं काम टाकून कान लावायचा.

ती वर्षं वाईट होती. पेपरात रोज वऱ्हाडाचं नाव यायचं आणि ते कधीच चांगल्या कारणासाठी यायचं नाही. मोटारी भरभरून माणसं यायची, फोटो काढून जायची. हमिदाबीला ती वर्षं वेगळ्या तऱ्हेने कळत होती. गावात शिरण्याआधी ती वेशीवरच्या कोणाला तरी हळूच विचारायची, "कोणाच्या दारावरून जायचं नाही?" ज्या घरातल्या बाईचे हात नुकतेच रिकामे झाले, त्या घरावरून 'बांगड्याऽऽ' अशी हाक देत जायची तिची हिंमत नव्हती. ती गल्ली सोडून ती मागच्या वाटेनं जायची. कापसाचा भाव पडला की लग्नं पुढे ढकलली जायची, लग्नं ढकलली की चुडे राहायचे. तरी हमिदाबी हसवायचं सोडत नव्हती.

अशात गावात बोलवा उठली, की हमिदाबीला गर्व झाला.

झालं असं, की ती कोणाकडेही गेली की आता स्टूल मागायला लागली. बांगडीवाली म्हणजे उकिडवी बसणारी. तिची आई, आजी, सासू, सगळ्या उकिडव्या बसून बांगड्या भरता भरता म्हाताऱ्या झाल्या. आणि ही म्हणते, स्टूल आणा! वामनरावांच्या घरी तर तिनं चक्क खुर्ची मागितली. वामनराव निवृत्त तलाठी. त्यांच्या घरात खुर्ची हा फर्निचरचा प्रकार नसून हुद्दा होता. त्यांच्या बायकोनं, रुख्मिणीकाकूंनी खुर्ची दिली, पण त्याबरोबर टोमणाही दिला.

"काहून वो हमिदा, आता टेबलही लावू का? सही करतं का रजिस्टरवर?"

"गुडघे धरले, काकू."

"तुह्ये गुडघे धरले? तू तर बकरीवानी चालतं."

हमिदाबी हसली. पण त्या दिवशी तिच्या हातून तीन बांगड्या फुटल्या.

गुडघे ठणठणीत होते. दुखणं दुसरीकडेच होतं, आणि ते अशा जागेचं होतं, की त्या जागेला आमच्या भाषेत शिवी देताना शंभर नावं आहेत आणि डॉक्टरला सांगताना एकही नाही. बायका म्हणतात 'अंग बाहेर येते'. एवढंच. कोणतं अंग, कुठून बाहेर, हे सांगणारीनं सांगायचं नाही आणि ऐकणारीनं विचारायचं नाही.

काही वर्षांपूर्वी हमिदाबीची पिशवी काढली होती. अंगावरून जात होतं, डॉक्टर म्हणाले काढा, काढली. तिला वाटलं, पिशवीच गेली, आता कटकटही गेली. पण रिकामी झालेली जागा आतून खचत खचत खाली उतरली. पहिल्यांदा नुसतं जड वाटायचं. मग टोपलं डोक्यावर घेतलं की काहीतरी सरकायचं. मग उकिडवं बसलं की बाहेर. जुन्या लुगड्याची लंगोटी घट्ट आवळून ती गावं फिरायची. लघवीला बसली तर आधी बोटानं आत ढकलावं लागायचं, आणि शिंकली, हसली की थेंब थेंब गळायचं. विचार करा, जिचा धंदा हसवण्याचा, तिनं स्वतः हसायचं नाही! नमाजाआधी हातपाय धुऊन केलेला वजू टिकेना. नमाज ती कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून पढायची आणि शेवटी मनात म्हणायची, "अल्ला, तुले तर मालूमच हाये. तू तरी इचारू नको."

गफ्फारलाही तिनं सांगितलं नव्हतं. तो बिचारा समजत होता, बायकोला आपला कंटाळा आला. म्हणून तो मिशीला कलप लावायला लागला होता.

बिंग फोडलं लेकीनं. अनीसा मूर्तिजापूरला दिलेली. माहेरी आली आणि वाळत घातलेल्या साडीखाली लपवून वाळत घातलेल्या चिंध्या तिनं पाहिल्या. आईला खोलीत घेतलं, कडी लावली, आणि आतून बराच वेळ उर्दूही ऐकू आली नाही आणि वऱ्हाडीही. फक्त रडणं. मग अनीसा बाहेर येऊन बापाला म्हणाली, "अब्बा, उद्या अमरावतीला जायचंय. अम्मीला दाखवायचं."

"काय झालं तिला?"

"तुम्ही फक्त बसमध्ये बसा."

अमरावतीच्या डॉक्टर माधवीबाई तरुण होत्या आणि मोठ्यानं बोलत. हमिदाबीला त्यांचा आवाज ऐकूनच घाम फुटला. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्या अमरावतीला ऐकू जातंय असं तिला वाटत होतं. तपासून झाल्यावर बाईंनी गफ्फारला आत बोलावलं, कागदावर चित्र काढलं आणि पेनानं टोचून टोचून समजावलं. गफ्फारनं चित्राकडे एकदा पाहिलं आणि मग पूर्ण वेळ पंख्याकडे.

"आतून आधार सुटलाय. नुसतं शिवून भागणार नाही, पुन्हा उतरेल. जाळी बसवावी लागेल. प्लॅस्टिकच्या धाग्याची असते, मच्छरदाणीसारखी बारीक. हर्नियाला बसवतात ना, तशीच."

"हर्नियाला बसवतात तशी," गफ्फार पंख्याला म्हणाला.

"पण एक नीट ऐका. ही जागा नाजूक. जाळी कधी कधी घासते, टोचते, तिची कड बाहेर डोकावते. तसं झालं तर पुन्हा यावं लागेल. आणि सगळं नीट झालं तरी तीन महिने जड उचलायचं नाही. पाण्याचा हंडा नाही, टोपलं नाही, उकिडवं बसणं नाही. आणि तीन महिने नवऱ्यानं..." बाईंनी वाक्य पुरं केलं. पंख्याची एवढी बारीक तपासणी अमरावतीत आजवर कोणी केली नसेल.

अनीसा अमरावतीहूनच सासरी गेली. परतीच्या बसमध्ये अंजनगाव मागे पडलं. शेवटी हमिदाबी म्हणाली, आणि वऱ्हाडीत म्हणाली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"मी नाही करत आपरेशन."

"काहून?"

"गावाले काय सांगू? काहून गेलती अमरावतीले, काय काढलं, कुठी शिवलं? पंधरा गावच्या बाया मले ओळखतात. आज मी त्यायले हसवतो. उद्या त्या मले हसतीन."

"सांगायचं नाही कोणाले."

"आपल्या गावात? वामनराव जिते हायेत ना अजून?"

हे मात्र खरं होतं. हिवरखेडात माणूस आजारी पडलं की भेटायला जायचं, हा रिवाज आहे. वामनरावांनी त्या रिवाजाची नोकरी केली होती. निवृत्तीनंतर त्यांना दुसरं काम नव्हतं. कोणाच्या दारात दवाखान्याची पिशवी दिसली की वामनराव सोबत पानठेलेवाल्या नत्थुजीला घेऊन हजर. काय झालं, कोणता डॉक्टर, किती टाके, कोणत्या रंगाच्या गोळ्या. सगळं विचारून झाल्यावर, त्याच दुखण्यानं कोण कोण मेलं ते सांगायचे आणि चहा घेऊन उठायचे.

 गफ्फारनं मिशी खाजवली.

"माह्यं आपरेशन झालं असं सांगू."

"काय?"

"डाक्टरीण म्हणली ना, हर्नियाले बसवतात तशी जाळी. मले हर्निया झाला. तू माह्यासोबत गेली दवाखान्यात. झालं!"

"अन् लोकं तुमाले हसले तं?"

हर्निया म्हणजे आमच्याकडे पुरुषाची थट्टाच. त्यातही लोक जागा खाली सरकवून, आकार वाढवून सांगतात. गफ्फारला ते माहीत होतं. बाजारात सगळं गिऱ्हाईक बायकांचं.

"हसू दे," तो म्हणाला. "मले लोकायच्या हसण्याची सवय करून घेता येते. तुले नाही."

हमिदाबीनं पदर तोंडावर ओढला. तीस वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्यांदाच इतकं शहाणं बोलला होता आणि ते साफ खोटं होतं.

ऑपरेशन झालं. अनीसा दवाखान्यात राहिली. पण घरी न्यायची वेळ आली तेव्हा तिच्या सासरी नणंदेचं लग्न निघालं आणि सासरच्यांनी तिला बोलावून घेतलं. दोघं नवरा-बायको एकटेच बसनं हिवरखेडला उतरले.

स्टँडवर नत्थुजीचा पानठेला. गफ्फारनं बसच्या पायरीवरूनच कंबर वाकवली, एक हात मांडीच्या वर धरला आणि 'या अल्ला' म्हणत उतरला. मागून हमिदाबी, आतल्या टाक्यांना जपत, पाऊल न वाजवता, आणि ताठ. कारण ती निरोगी होती. नत्थुजी ठेला सोडून धावला, गफ्फारला खांद्याचा आधार दिला आणि त्याच्या हातातली जड बॅग घेऊन हमिदाबीकडे दिली.

"भाबी, तुमी ही धरा. याले ओझं नाही देऊ आता."

गफ्फारनं हात पुढे केला. नत्थुजीनं तो खाली दाबला. "येडा झाला का गा? टाके तुटतीन!"

घरापर्यंत बॅग हमिदाबीनंच आणली.

आणि इथं दोघांच्या लक्षात आलं, की खोटं सांगताना त्यांनी दुखणं तर एकाकडून दुसऱ्याकडे नेलं, पण त्याबरोबर काम उलट्या दिशेनं गेलं. आजारी माणूस खाटेवर. आजाऱ्याची बायको चुलीजवळ. आणि भेटायला येणारं गाव.

गाव आलं. सकाळी आलं, दुपारी आलं, दिवेलागणीला आलं. केळी आणली, बिस्किटं आणली, गफ्फारसाठी शिरा आणला. गफ्फारला शिरा इतका मिळाला की ऑपरेशन न झालेला माणूस आठवड्यात गुबगुबीत झाला. लोक म्हणाले, आपरेशन मानवलं. गड्यांनी थट्टा केलीच.

"गफ्फारभाई, एवढं काय उचललं बे तू?"

"बांगड्याच्या पेट्या."

"अरे काचच हाय ना ते! आमी समजलो पिपा उचलला कोणाचा!"

गफ्फार हसायचा, पोटाला हात लावून 'हसवू नका बाप्पा' म्हणायचा. हा माणूस नाटकात गेला असता तर गावाचं नाव काढलं असतं. दार लागलं की तो चोरून झाडायचा, कणीक मळायचा, भांडी घासायचा. पण दार बंद राहील तर ना! पाहुणा दिसला की ओल्या हातानं तो खाटेवर उडी मारायचा, चादर ओढायचा आणि कण्हायचा. हमिदाबी तोवर पातेलं घेऊन चहाला उभी. घरातलं काम कसंबसं झाकता येत होतं. पाणी झाकता येत नव्हतं. नळ चौकात. आणि एवढा चहा पिणाऱ्या गावाला पाणी लागतं.

"अर्धीच घागर आण," गफ्फार खालच्या आवाजात म्हणायचा.

"अर्धी आणली तं बाया इचारतात, काहून अर्धी."

"सांग मग, सांगून टाक!"

"तुमाले माह्यी कसम हाये."

तिला दुखायला लागलं होतं. आत काहीतरी टोचत होतं. तिनं ते नवऱ्याला सांगितलं नाही. आधीच एवढं खोटं त्यानं तिच्यासाठी डोक्यावर घेतलेलं, त्यात आपण दुखतंय म्हणायचं, याची तिला लाज वाटत होती. लाजेला कसलंही कारण पुरतं.

एके दिवशी वामनराव शेवटचं अस्त्र घेऊन आले. त्यांचं स्वतःचं हर्नियाचं ऑपरेशन पूर्वी अकोल्याला झालं होतं, जाळीसकट, आणि आजवर गावात त्यांना जोडीदार मिळाला नव्हता. सोबत रुख्मिणीकाकू आणि नत्थुजी. काकू दाराशी वेताच्या मोड्यावर बसल्या. नत्थुजी भिंतीला टेकला. वामनरावांनी खाटेजवळ खुर्ची ओढली आणि शर्ट वर केला.

"हे पाह्य. बोट लावून पाह्य. आत जाळी हाये, पण मालूमच पडत नाही."

गफ्फारनं आदरानं बोट लावलं. "वा, तलाठीसाहेब."

"आता तुह्यं दाखव."

"माह्यं काय पाहता? नवं हाये अजून."

"नव्याचंच पाहायचं असते. माह्या डाक्टरनं आडवा कापला होता. आजकाल उभा कापतात म्हणे. दाखव."

"नाही जी. लाज वाटते."

"लाज? आपल्यात? अरे, मी दाखवलं ना तुले! नत्थुजी, चादर धर बरं जराशी."

नत्थुजीनं पायाकडून चादर धरली. गफ्फारनं डोक्याकडून धरली. दोघं ओढायला लागले. रुख्मिणीकाकू दारातून म्हणाल्या, "अवो, राहू द्या त्याले! हमिदा कुठी गेली? चहा टाकायचा म्हणे अन् गेली पाण्याले."

हमिदाबी त्याच वेळी चौकातून हंडा घेऊन येत होती. कमरेवर भरलेला हंडा. उंबऱ्यापाशी तिनं एक पाय आत ठेवला आणि दुसरा उचलेना. चेहरा पांढराफटक. हंडा सुटला. पाणी ओसरीभर पसरलं आणि ती चौकट धरून हळूहळू खाली बसली. बसली त्या जागी पाण्यात एक लाल रेघ उतरली आणि पसरली.

गफ्फारनं चादर सोडली. नत्थुजी चादरीसकट मागे पडला. आठवड्यापूर्वी पोट फाडून जाळी बसवलेला माणूस खाटेवरून जो उडाला, तो थेट उंबऱ्यापाशी. त्यानं बायकोला दोन्ही हातांनी उचललं.

"अरे टाके! टाके तुटतीन तुह्ये!" वामनराव ओरडले.

"मले कुठी हायेत टाके!" गफ्फार त्याहून मोठ्यानं ओरडला. "टाके तिले हायेत! आपरेशन तिचं झालं! जाळी तिले बसवली! अन् तुमाले चहा पाजून पाजून..."

वामनरावांचा शर्ट अजून वरच होता. सवय माणसाला सोडत नाही. त्यांच्या तोंडून निघालंच, "तिले? कुठी?"

रुख्मिणीकाकू उठल्या. त्यांनी पाण्यातल्या रेघेकडे पाहिलं, हमिदाबीच्या तोंडाकडे पाहिलं. सगळं त्यांना कळलं. खुर्ची, गुडघे, फुटलेल्या बांगड्या.

"शर्ट खाली करा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अन् निघा. नत्थुजी, जीप पाह्य कोणाची भेटते तं. पळ."

गफ्फारच्या हातांत आडवी पडलेली हमिदाबी फक्त एवढंच म्हणत होती, "काहून सांगितलं? काहून सांगितलं तुमी?" रक्त जात होतं त्याचं तिला काही नव्हतं.

डॉक्टर माधवीबाई त्या दिवशी आणखी मोठ्यानं बोलल्या. टाका उसवला होता आणि जाळीची कड बाहेर आली होती. त्यांनी ती कापली, पुन्हा शिवलं. "हंडा कोणी उचलायला सांगितला?" या प्रश्नावर हमिदाबी भिंतीकडे बघत राहिली आणि गफ्फार पंख्याकडे. शेवटी तोच म्हणाला, "रिवाजानं, मॅडम."

जाळी टिकली. पण पहिल्यासारखं काही झालं नाही. आजही कुठल्या कुशीवर वळलं तर आत बारीकसं टोचतं. बाहेर मात्र काही येत नाही आणि लघवीला बोट लावावं लागत नाही. हमिदाबीच्या मते सौदा वाईट नव्हता. वाईट झालं ते एवढंच, की गावाला कळलं.

गावाला जे वाटलं ते सांगायला सोपं नाही. प्रत्येकानं मनात मोजलं, आपण तिच्या हातचा चहा किती वेळा प्यालो. वामनराव काही महिने कोणालाच भेटायला गेले नाहीत. गावातले आजारी लोक त्यामुळे खट्टू झाले, की आपलं दुखणं आता कोणी विचारण्याजोगं राहिलं नाही. नत्थुजीनं गफ्फारच्या घरासमोरून जाताना मान खाली घालायला सुरुवात केली.

हमिदाबी तर घराबाहेरच पडेना. गफ्फारशी ती महिनाभर फक्त वऱ्हाडीत बोलली. तो आता भर उजेडात हंडा घेऊन नळावर जायचा. बायकांच्या रांगेत मिशा पिळत उभा राहायचा. हंडा कमरेवर घ्यायला त्याला कंबरच नव्हती, म्हणून दोन्ही हातांत पोरासारखा उचलून आणायचा आणि निम्मं पाणी पायजम्यावर सांडायचं. खिडकीतून ते पाहून हमिदाबी कपाळ बडवून घ्यायची.

"पहाटे जात जा ना! लोकं पायतात!"

"पाहू दे. मी दिवसाच जाईन."

"मले मेल्याहून मेल्यासारखं होते."

"होऊ दे. मरत तं नाही ना?"

आणि मग बायका यायला लागल्या. बांगडीवाली घरोघर जाते, कोणी तिच्या घरी जात नाही. पण या आल्या. संक्रांत लांब, लग्नसराई नाही, तरी हात पुढे करायच्या. बांगड्या भरून झाल्या तरी उठायच्या नाहीत. मग इकडे-तिकडे बघून एखादी पुटपुटायची, "हमिदाबी, मले वाटते, मलेही गफ्फारभाईचा हर्निया झाला."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा हमिदाबी संतापली. तिला वाटलं, थट्टा. पण त्या बाईचे डोळे भरलेले होते. गावातल्या बायकांनी त्या दुखण्याला शेवटी उच्चारता येईल असं नाव शोधून काढलं होतं, आणि ते नाव बिचाऱ्या गफ्फारचं होतं! हमिदाबी मान वर न करता, समोरच्या मनगटाशीच बोलल्यासारखी सांगायची. डॉक्टरीण चांगली आहे, ओरडते पण चांगली आहे. जाळीच लागते असं नाही, कोणाला नुसती रिंग बसवतात, कोणाला व्यायाम पुरतो. लवकर गेलं तर बरं. आणि हे मी सांगितलं असं कोणाला सांगू नको.

एका दुपारी रुख्मिणीकाकू आल्या. त्यांनी हात पुढे केला नाही. मागे त्यांची सून शकुन उभी होती. पंचविशीची पोर.

"औंदा मजूर भेटले नाहीत," काकू जमिनीकडे बघत म्हणाल्या. "बाळंतपणातून उठली अन् वेचणीले गेली. मीच धाडली. कमरेले कापसाची ओटी बांधून दिवसभर वाकून राहे. आता..." त्या थांबल्या. हमिदाबीला खुर्चीवरून टोमणा मारणारी ही बाई आज तिच्यासमोर जमिनीवर बसली होती आणि वर बघत नव्हती. "तू नेतं का वो तिले? मले नाही बोलता येत डाक्टरीणीसमोर."

"मले तरी कुठी येते, काकू?"

पण ती तयार झाली.

सकाळच्या बसला शकुनला सोडायला वामनराव स्वतः स्टँडवर आले. बस लागलेली, माणसं चढत होती. सून बांगडीवालीबरोबर निघाली हे पाहून नत्थुजीला राहवलं नाही. इतक्या महिन्यांनी त्याची मान वर झाली.

"तलाठीसाहेब, सूनबाई कुठी निघाल्या? तब्येत-बिब्येत बरी हाये ना?"

दुसऱ्याच्या दुखण्याचे टाके मोजणारे वामनराव. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ठेल्यावरच्या पाच-सात माणसांनी पान चघळायचं थांबवलं. शकुननं पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. तिच्या मानेपर्यंत लाली चढत गेली. हमिदाबीनं ती पाहिली.

"तिले काय धाड भरली!" हमिदाबी बसच्या पायरीवरून म्हणाली. बांगड्यांची हाक देणारा आवाज होता तो, स्टँडच्या टोकापर्यंत गेला. "मले हाये दुखणं. माह्यं अंग बाहेर येत होतं. जाळी बसवेल हाये, ते दाखवाले चालली. ही पोट्टी माह्यासोबत हाये. अजून काही इचारायचं, नत्थुजी?"

नत्थुजी चुन्याच्या डब्यात बोट घालून तसाच उभा राहिला.

हमिदाबी आत जाऊन खिडकीपाशी बसली आणि तिनं पदर कपाळावरून, नाकावरून, हनुवटीपर्यंत ओढून घेतला. बस सुटली. गाव मागे पडलं तरी पदर वर झाला नाही. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला.

"सगळ्यायनं ऐकलं का वो?"

"हो," शकुन म्हणाली.

"तुह्या सासऱ्यानं पण?"

"ते तं शेजारीच उभे होते."

"कंडक्टरनं?"

"त्यानं घंटी नाही मारली तुमचं होईस्तोवर."

"तौबा," पदराआडून हमिदाबी म्हणाली. आणि अकोट येईपर्यंत तिनं तोंड काही बाहेर काढलं नाही.